४२९४९६७२९७ : फर्माच्या नजरेतून ६४१ निसटला कसा?

पाटी_पेन्सिल
सोमवार, रात्री १०.४०

गेले तीन दिवस एका संख्येने डोक्यात ठाण मांडलं आहे, म्हणून हा धागा.

४,२९,४९,६७,२९७. चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १. ज्यांना पार्श्वभूमी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. २ चा १, २, ४, ८, १६ वा घात घ्या आणि प्रत्येकात १ मिळवा. येतात ३, ५, १७, २५७, ६५५३७. पाचही मूळ संख्या. घात दर वेळी दुप्पट होतो. पियरे द फर्माने १६४० मध्ये पत्रांतून लिहिलं की ही रांग अशीच पुढे जाते, यातली प्रत्येक संख्या मूळ आहे असं मला वाटतं. रांगेतली पुढचीच संख्या म्हणजे ही आपली. आणि ती मूळ नाही. १७३२ मध्ये ऑयलरने दाखवलं की तिला ६४१ ने भाग जातो.

परवा मी हा भागाकार कागदावर मांडला. ४२९४ ला ६४१ सहा वेळा, बाकी ४४८. ९ खाली उतरवला, ४४८९, सात वेळा, बाकी फक्त २. ६ उतरवला, २६, भाग जात नाही, वर शून्य. ७ उतरवला, २६७, पुन्हा शून्य. २ उतरवला, २६७२, चार वेळा, बाकी १०८. ९ उतरवला, १०८९, एकदा, बाकी ४४८. हा ४४८ पुन्हा आला तेव्हा पेन्सिल थांबलीच. शेवटचा ७ उतरवला, ४४८७, सात वेळा, बाकी शून्य. मघाशी ४४८९ होते तेव्हा २ उरले होते, आता दोनने कमी म्हणून नि:शेष! उत्तर ६७००४१७.

पाच मिनिटांचं काम. मग प्रश्न असा की फर्मासारख्या माणसाने हे केलं कसं नाही? आणि दुसरा प्रश्न, मला जास्त छळणारा: ६४१ च का? यामागे काही कारण आहे, की लागला तो लागला?

घातांक
सोमवार, रात्री ११.०५

पाच मिनिटं हे ६४१ आधी माहीत असताना. माहीत नसताना? या संख्येचं वर्गमूळ ६५५३६ च्या किंचित पुढे आहे. तिथपर्यंत ६५४२ मूळ संख्या आहेत. संख्या खरंच मूळ असती तर एवढे सगळे भागाकार करूनच खात्री पटली असती. फर्मा पेशाने कायद्याच्या क्षेत्रातला माणूस, गणित फावल्या वेळात. मला यात काही नवल वाटत नाही.

बाकी_शून्य
सोमवार, रात्री ११.३२

घातांक, ६५४२ नव्हे. ६४१ ही ११६ वी मूळ संख्या आहे. २ पासून एकेक करत गेलं तरी ११६ व्या पायरीवर हाती लागते. पण खरी गंमत पुढे आहे. ११६ सुद्धा लागत नाहीत. पाच पुरतात.

समजा 'प' ही मूळ संख्या आपल्या संख्येला भागते. म्हणजे २^३२ (२ चा ३२ वा घात) ला प ने भागलं तर बाकी −१ (म्हणजे प−१). दोन्हीकडे वर्ग करा, २^६४ ची बाकी १. आता २, ४, ८, १६ अशा बाक्यांची साखळी ६४ व्या पायरीला पहिल्यांदा १ वर येते. आधी आली असती तर ती पायरी ६४ ची विभाजक असती, म्हणजे ३२ ची तरी असतीच, आणि मग ३२ व्या पायरीला १ यायला हवा होता, −१ नाही. दुसरीकडे, २^(प−१) ची बाकी नेहमी १ असते. म्हणून ६४ ने प−१ ला भाग गेलाच पाहिजे. म्हणजे प हा ६४क+१ याच रूपाचा.

६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१. यातल्या मूळ फक्त १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. पाचव्या प्रयत्नाला ६४१. ऑयलर याच वाटेने गेला.

आणि यात जे '२^(प−१) ची बाकी १' वापरलं, तो सिद्धांत कोणाचा? फर्माचाच! तोही १६४० च्याच पत्रांतला.

पाटी_पेन्सिल
सोमवार, रात्री ११.४१

बाप रे. म्हणजे हत्यार त्याच्याच हातात होतं.

मध्यरात्र
मंगळवार, रात्री १२.१५

२०-२२ वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा प्रोग्रॅमिंग शिकत होतो तेव्हा मूळ संख्या ओळखणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि हौसेने हीच संख्या टाकली. प्रोग्रॅमने तात्काळ सांगितलं, 'मूळ नाही.' मी खूश. मग विभाजक छापायला सांगितले, तर एकही छापेना. संपूर्ण संध्याकाळ शोधण्यात गेली. शेवटी संख्याच छापून पाहिली, तर पडद्यावर १!

कारण असं की व्हेरिएबल ३२ बिटांचा होता. त्यात मावणारी सर्वांत मोठी संख्या ४२९४९६७२९५. त्यात १ मिळवला की घड्याळाचा काटा बारावरून पुढे जावा तसा तो शून्यावर येतो, आणखी १ मिळवला की १. आपली संख्या बरोबर तिथे बसते. ३२ बिटांच्या जगात ४२९४९६७२९७ आणि १ एकच. याच कारणाने मिलिसेकंद मोजणारा ३२ बिटांचा गणक ४९ दिवस १७ तासांनी पुन्हा शून्यापासून सुरू होतो.

सांजवेळ
मंगळवार, सकाळी ७.२०

मध्यरात्र, म्हणजे प्रोग्रॅमचं उत्तर बरोबर होतं, फक्त संख्या दुसरी होती. :) आणि १ ही मूळही नाही, संयुक्तही नाही, त्यामुळे विभाजक न छापणं हेही बरोबरच!

काठावरचा
मंगळवार, सकाळी ९.०२

फर्माची बाजू घेतो. हा माणूस निष्काळजी नव्हता. त्याच १६४० मध्ये त्याने २^३७−१ म्हणजे १३७४३८९५३४७१ या संख्येचा २२३ हा विभाजक शोधून काढला, आणि तोही नेमका असाच विचार करून: विभाजक ३७ च्या पटीत अधिक १ असायला हवा. म्हणजे ही पद्धत त्याच्या बोटांवर होती.

शिवाय रांगेतली प्रत्येक संख्या मूळ आहे याची सिद्धता आपल्याकडे नाही हे त्याने स्वतः लिहिलं होतं. १६५४ मध्ये पास्कलला पत्र लिहून ती शोधायला सांगितली होती. अंदाजाला अंदाज म्हणणाऱ्या माणसाला चुकला म्हणून धोपटू नये.

बाकी_शून्य
मंगळवार, सकाळी ९.४५

धोपटत नाही हो, उलट हळहळ वाटते. पण तुमच्या २२३ च्या उदाहरणाने माझा मुद्दाच पक्का होतो. पद्धत येत होती, भागाकार पाच होते. माझा अंदाज असा की त्याने ते केले असणार आणि ६४१ च्या भागाकारात कुठेतरी हातचा चुकला असणार. एकदा 'भाग जात नाही' असं लिहून बसलं की माणूस त्या ओळीकडे पुन्हा वळत नाही.

घातांक
मंगळवार, सकाळी १०.१०

दुसरी शक्यता. संख्या मूळ आहे का हे पाहण्याची एक सोपी चाचणी म्हणजे २^(सं−१) ला त्या संख्येने भागून बाकी १ येते का ते पाहणं. आपली संख्या या चाचणीत उत्तीर्ण होते! २^६४ ची बाकी १ आहे हे वर आलंच आहे, आणि सं−१ म्हणजे २^३२, जो ६४ च्या पटीत आहे. म्हणून बाकी १. खरं तर या रांगेतली प्रत्येक संख्या, मूळ असो वा नसो, ही चाचणी पार करते. मूळ नसूनही ती पार करणाऱ्या संख्यांना आज छद्ममूळ म्हणतात. फर्माने या चाचणीवर विसंबून विधान केलं असेल तर रांगेतल्या एकाही संख्येने त्याला सावध केलं नसतं.

१८७७ मध्ये पेपँने पक्की चाचणी दिली. आज ती २ च्या जागी ३ घेऊन करतात. ३ चा (सं−१)/२ वा घात घ्या. बाकी −१ आली तरच संख्या मूळ. तिथे या संख्येचं बिंग फुटतं.

रेषा_बिंदू
मंगळवार, दुपारी १.३०

दुसरा प्रश्न बाजूलाच राहिला, '६४१ च का'. याचं एक अतिशय देखणं उत्तर आहे.

६४१ दोन प्रकारे लिहा.
६४१ = ५ × १२८ + १ = ५ × २^७ + १
६४१ = ६२५ + १६ = ५^४ + २^४

पहिल्या ओळीवरून, ६४१ ने भागताना ५ × २^७ ची बाकी −१. चौथा घात घ्या: ५^४ × २^२८ ची बाकी १. दुसऱ्या ओळीवरून ५^४ च्या जागी −२^४ चालतो. म्हणजे −२^३२ ची बाकी १, म्हणजेच २^३२ + १ ची बाकी ०. झालं. भागाकार करायची गरजच नाही.

पाटी_पेन्सिल
मंगळवार, दुपारी १.५२

हे मी चार वेळा वाचलं. शेवटच्या ओळीला अंगावर काटा आला. हेच कारण शोधत होतो!

काठावरचा
मंगळवार, दुपारी २.२०

देखणं आहे, मान्य. पण हे 'कारण' आहे हे मला पटत नाही. ६४१ सापडल्यानंतर मागे वळून शोधलेली ही युक्ती आहे. ६४१ च्या या दोन रूपांकडे कोणी आधी का पाहील? आणि दुसरा विभाजक ६७००४१७ याच्यासाठी अशी सुबक जोडी आहे का? कारण असेल तर दोघांनाही लागू व्हायला हवं.

रेषा_बिंदू
मंगळवार, दुपारी ३.०५

काठावरचा, ६४१ ने भाग जातो हे सिद्ध झालं की ६७००४१७ आपोआप येतो, त्याला वेगळं कारण कशाला? आणि 'आधी का पाहील' याचंही उत्तर आहे. ऑयलरचं ६४क+१ पुढे १८७८ मध्ये ल्युकाने १२८क+१ वर आणलं. मग यादी होते १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१. यातल्या मूळ फक्त २५७ आणि ६४१. २५७ तर याच रांगेतली संख्या आहे आणि रांगेतल्या कोणत्याही दोन संख्यांचा मसावि १ असतो. म्हणजे ती बाद. उरली ६४१. पहिलाच प्रयत्न! ५ × १२८ + १ हे रूप मागाहून शोधलेलं नाही, ते दारातच उभं आहे.

काठावरचा
मंगळवार, दुपारी ३.१८

पहिलं रूप दारात आहे, कबूल. ५^४ + २^४ मात्र योगायोगच. मी अर्ध्यावर तडजोड करतो.

अनामिका
मंगळवार, दुपारी ४.४०

'मसावि १' हे असंच टाकून पुढे जाऊ नका, ते फार गोड आहे. ३ × ५ = १५, म्हणजे १७ वजा २. १५ × १७ = २५५, म्हणजे २५७ वजा २. पुढे २५५ × २५७ = ६५५३५. आणि पाचही मूळ संख्यांचा गुणाकार ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ = ४२९४९६७२९५, म्हणजे आपली संख्या वजा २! त्यामुळे आधीच्यातल्या कोणीही आपल्या संख्येला भागलं, तर त्याला २ लाही भागावं लागेल, आणि हे सगळे विषम. गोल्डबाखने १७३० मध्ये ऑयलरला पत्रातून हा मुद्दा लिहिला होता. रांग अनंत, कोणत्याही दोघांत सामाईक विभाजक नाही, म्हणून मूळ संख्या अनंत. ऑयलरला फर्माच्या या विधानाची आठवणही त्यानेच आदल्या वर्षी करून दिली होती.

आणि तो ४२९४९६७२९५ म्हणजे मध्यरात्र यांच्या ३२ बिटांत मावणारी शेवटची संख्या. एवढ्याच बाजूंची सुसम बहुभुजाकृती पट्टी आणि कंपासने काढता येते, तत्त्वतः. बाजूंची संख्या विषम असेल तर यापेक्षा मोठी आजवर कोणालाही माहीत नाही. १७ बाजूंची आकृती काढता येते हे गाउसने १७९६ मध्ये दाखवलं, वय १८. मूळ संख्या इतक्या बाजूंसाठी ती संख्या याच रांगेतली असावी लागते. म्हणून ६४१ बाजूंची आकृती काढता येणार नाही, आणि आपल्या संख्येइतक्या बाजूंचीही नाही.

सांजवेळ
मंगळवार, सायंकाळी ५.१०

अनामिका, यात पास्कलचा त्रिकोणही आहे (कडांना १, आतली प्रत्येक संख्या वरच्या दोघींची बेरीज)! त्रिकोणातल्या विषम संख्येच्या जागी १, समच्या जागी ० लिहा आणि प्रत्येक ओळ द्विमान पद्धतीत वाचा. १, ११, १०१, ११११, १०००१... म्हणजे १, ३, ५, १५, १७, ५१, ८५, २५५, २५७... पहिल्या ३२ ओळींत १ नंतर येणारी प्रत्येक संख्या त्या विषम बाजूंची आहे. बत्तिसावी ओळ सगळे एकच एक, ४२९४९६७२९५. आणि तेहतिसावी? १, मग एकतीस शून्यं, मग १. आपली संख्या. नेमकी तिथे साखळी तुटते.

काल रात्री बारापर्यंत चौकटीच्या कागदावर रंगवत बसले होते, शेवटच्या ओळीला दोन टोकांना दोन काळे ठिपके आणि मध्ये सगळं पांढरं.

बाकी_शून्य
मंगळवार, रात्री ८.२५

काठावरचा यांनी ६७००४१७ चं काय असं विचारलं होतं, त्यावर दिवसभर विचार करत होतो. दोन वर्गांच्या बेरजेतून दोघांना एकत्र पाहता येतं.

४ ने भागून १ उरणारी मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून एकाच प्रकारे लिहिता येते. (हेही फर्माचंच, १६४० चंच!) आपली संख्या उघडच ६५५३६² + १² आहे. दुसरा प्रकार सापडला तर ती मूळ नाही. आणि आहे:
६२२६४² + २०४४९²
वर्ग करून पाहा, ३८७६८०५६९६ + ४१८१६१६०१. बेरीज तंतोतंत. (२०४४९ स्वतः १४३ चा वर्ग आहे, हे वरचं बक्षीस.)

हे आलं कुठून? ६४१ = २५² + ४², ६७००४१७ = २५५६² + ४०९². सातव्या शतकातल्या ब्रह्मगुप्ताच्या सूत्राने दोन बेरजांचा गुणाकार केला की पुन्हा दोन वर्गांची बेरीज मिळते, आणि ती दोन प्रकारे.
२५ × २५५६ = ६३९००, ४ × ४०९ = १६३६. बेरीज ६५५३६!
२५ × ४०९ = १०२२५, ४ × २५५६ = १०२२४. वजाबाकी १!
म्हणजे ६५५३६² + १². चिन्हं उलटी घेतली की ६२२६४ आणि २०४४९.

१०२२५ आणि १०२२४. एकाचा फरक. तो एकच आपल्या संख्येतला '+ १' आहे. माझ्या दृष्टीने दोन्ही विभाजकांना सारखं लागू होणारं कारण हे.

काठावरचा
मंगळवार, रात्री ८.५०

हे पटलं. पूर्ण पटलं. माझी अर्ध्यावरची तडजोड मागे घेतो.

मध्यरात्र
मंगळवार, रात्री ११.५५

झेरा कोलबर्नचा उल्लेख अजून कसा नाही? अमेरिकन मुलगा, जन्म १८०४. १८१२ मध्ये लंडनला लोकांसमोर तोंडी हिशेब करून दाखवत असे. त्याला हीच संख्या दिली आणि त्याने ६४१ आणि ६७००४१७ हे विभाजक मनातल्या मनात सांगितले. वय आठ.

घातांक
बुधवार, सकाळी ८.१५

तोंडी करायचंच असेल तर एक सोपी वाट आहे. अख्खी संख्या धरायचीच नाही, फक्त बाक्यांचे वर्ग करत जायचं. ६५५३६ ला ६४१ ने भागा, बाकी १५४. १५४ चा वर्ग २३७१६, त्याची बाकी ६४०. त्यात १ मिळवा, ६४१. संपलं. चार अब्जांची संख्या कागदावर आलीच नाही.

पाटी_पेन्सिल, तुमच्यासाठी एक काम. ६७००४१७ मूळ आहे हे आपण सगळे गृहीत धरून चाललोय. तिचं वर्गमूळ २५८८ च्या थोडं पुढे. १२८क+१ चा नियम तिलाही लागू. किती भागाकार लागतील?

पाटी_पेन्सिल
बुधवार, रात्री ९.३०

केलं! २५८८ पर्यंत १२८क+१ रूपाच्या मूळ संख्या फक्त पाच: २५७, ६४१, ७६९, ११५३, १४०९. २५७ बाद. उरले चार भागाकार.
६४१ : बाकी ४४ (म्हणजे ६४१ चा वर्गही आत नाही)
७६९ : बाकी १२०
११५३ : बाकी ३३४
१४०९ : बाकी ६२२
एकही शून्य नाही. ६७००४१७ मूळ आहे आणि हे मी कोणाच्याही सांगण्यावरून म्हणत नाही.

आता एक विचारतो. रांगेतली पुढची संख्या, २^६४ + १, तिचं काय?

अनामिका
बुधवार, रात्री १०.०५

१८४४६७४४०७३७०९५५१६१७. बुद्धिबळाच्या पटावरच्या धान्याच्या दाण्यांची जी बेरीज सांगतात, तिच्यात २ मिळवा. तीही मूळ नाही. विभाजक २७४१७७ आणि ६७२८०४२१३१०७२१. क्लाउसेनने १८५५ मध्ये गाउसला पत्रातून कळवले होते. पुढे लॉंद्रीने १८८० मध्ये स्वतंत्रपणे शोधले, तेव्हा त्याचं वय ८२ होतं. त्यानंतरची ३९ अंकी संख्या १९७० मध्ये संगणकाने फोडली. २^३२ व्या घातापर्यंत, म्हणजे रांगेतल्या ५ ते ३२ क्रमांकांच्या (३ ला शून्यावा क्रमांक धरून) सगळ्या संयुक्त आहेत हे ठरलंय. २० आणि २४ क्रमांकाच्या मूळ नाहीत हे नक्की, पण त्यांचा एकही विभाजक हाती नाही. ३३ व्या क्रमांकाचं काहीच ठरलेलं नाही, तिच्यात अडीचशे कोटींहून जास्त अंक आहेत. फर्माच्या पाचांनंतर सहावी मूळ संख्या आजवर कोणालाही मिळालेली नाही.

पाटी_पेन्सिल
गुरुवार, रात्री ११.२०

या वेळी विभाजक २५६क+१ असणार. २७४१७७ म्हणजे क = १०७१. तो मी पाहिलेला नाही असं धरून चाललोय.

२५७ बाद. ५१३ ला ३ ने भाग जातो. ७६९ मूळ आहे. घातांक यांच्या वाटेने गेलो: कालच्या भागाकारावरून २^३२ ची बाकी १९ आली, १९ चा वर्ग ३६१, अधिक १ म्हणजे ३६२. भाग जात नाही. मधल्या सगळ्या संयुक्त निघाल्या. पुढची मूळ संख्या ३३२९. ती उद्या.